पांढरा चहा, लाल गोळी

गेल्या पावसाळ्यातली गोष्ट. मिरजेत आमचं मेडिकल आहे आणि मी काउंटरला उभी राहते त्याला आता अठरा वर्षं झाली. आमच्या नेहमीच्या एक मावशी आल्या. महिन्याची शुगरची गोळी, बीपीची गोळी आणि रक्त वाढायची लोहाची लाल गोळी. त्यांची चिठ्ठी मला पाठ आहे. पण त्या दिवशी चिठ्ठी काढायच्या आधी त्यांनी पिशवीतून चहाची एक सुंदर डबी काढून काउंटरवर ठेवली आणि दबक्या आवाजात विचारलं, "ताई, ह्यो चहा पिला की शुगरची गोळी बंद करता येती म्हणं. खरं हाय का?"

मी डबी उघडली. आत आपली दाणेदार चहा पूड नव्हती. नखाहून थोड्या लांब, टोकदार, फिकट हिरव्या-रुपेरी कळ्या होत्या आणि प्रत्येकीवर बाळाच्या कानावर असते तशी पांढरी मऊ लव. वास वाळल्या गवताचा, मागून किंचित मधाचा. झाकणाच्या आत चिकटवलेल्या कागदावर मात्र वेगळंच जग होतं. चरबी वितळते, साखर आटोक्यात राहते, त्वचा तरुण होते, कॅन्सरपासून संरक्षण मिळतं. पन्नास ग्रॅमला साडेसातशे रुपये. मावशींच्या लेकीनं एका प्रदर्शनातून आईसाठी काळजीनं आणली होती.

"गोळी बंद केलीत का?" मी विचारलं.

"बंद न्हाई. आठ दिस एकाआड एक घेतली."

त्या 'एकाआड एक'साठी मी हा लेख लिहिते आहे. पांढरा चहा, म्हणजे बाजारात ज्याला व्हाइट टी म्हणतात तो, हे एक छान पेय आहे. मी स्वतः तो पिते. पण त्याला औषधाचा अंगरखा चढवून विकायचं जे चाललं आहे, ते थांबलं पाहिजे असं माझं ठाम मत आहे. त्याची किंमत पैशात मोजून संपत नाही. सोडलेल्या गोळ्यांत आणि न वाढलेल्या रक्तात ती मोजावी लागते.

आधी वस्तू काय आहे ते नीट पाहू, कारण निम्मे गैरसमज नावातूनच येतात. आपल्याकडे पांढरा चहा म्हटलं की जास्त दुधाचा चहा डोळ्यांसमोर येतो. हा तो नव्हे. काळा चहा, ग्रीन टी, ऊलाँग आणि पांढरा चहा, सगळे एकाच झाडाचे. कॅमेलिया सायनेन्सिस त्या झाडाचं नाव. फरक पडतो तो पान कोणतं खुडलं आणि खुडल्यावर त्याचं काय केलं यानं. काळ्या चहाचं पान चुरगाळतात किंवा चिरडतात, हवेत काळवंडू देतात, मग वाळवतात. ग्रीन टीचं पान खुडल्यावर लगेच वाफेवर किंवा तापल्या कढईत गरम करतात, म्हणजे ते हिरवं राहतं. पांढऱ्या चहात यातलं काहीच नाही. वसंतात नुकतीच आलेली कळी, फार तर तिच्याजवळची एक-दोन कोवळी पानं खुडायची, बांबूच्या सुपांवर पातळ पसरून दोन-तीन दिवस सावकाश कोमेजू द्यायची आणि मंद आचेवर वाळवायची. कळीवरची लव जशीच्या तशी राहते. त्या लवेवरून पांढरा चहा हे नाव.

याचं माहेर चीनच्या फुजियान प्रांतात, फुडिंग आणि झेंगहे या भागांत. नुसत्या कळ्यांच्या चहाला तिथे 'रुपेरी सुई' म्हणतात, कळी आणि पानं असलेल्याला 'पांढरी पिऑनी'. आता दार्जिलिंग, निलगिरी, आसाम आणि श्रीलंकेतही तो होतो. एका डबीसाठी हजारो कळ्या हातानं खुडाव्या लागतात, म्हणून तो महाग. ही किंमत कष्टाची आणि चवीची आहे, तिच्याबद्दल माझी तक्रार नाही. चांगला हापूस महाग असतो तसाच हाही महाग. पण हापूस विकणारा 'यानं साखर उतरते' असं म्हणायला लागला तर आपण त्याला दोन प्रश्न विचारू की नाही?

फुडिंगकडे एक वचन दुकानोदुकानी ऐकवतात: एक वर्षाचा तो चहा, तीन वर्षांचा ते औषध, सात वर्षांचा तो खजिना. जुना पांढरा चहा तिकडे घरगुती उपाय म्हणून तापात देत आले आहेत. आपल्याकडे गवती चहा, आलं, सुंठ, तुळशीचा काढा आहे, तसंच ते. मला घरगुती उपायांचा आदर आहे. पण आजीच्या काढ्यात आणि डबीवरच्या दाव्यात एक मोठा फरक आहे. आजी काढा देते, पांघरूण घालते आणि तिसऱ्या दिवशी ताप उतरला नाही तर स्वतःच म्हणते, चला डॉक्टरकडे. डबी तसं म्हणत नाही.

मग डबीवरचे दावे येतात कुठून? हवेतून नाही, आणि हे प्रामाणिकपणे सांगायला हवं. प्रत्येक दाव्यामागे कुठला तरी खरा प्रयोग आहे. 'चरबी वितळते' घ्या. २००९ मध्ये हॅम्बुर्गच्या एका सौंदर्यप्रसाधन कंपनीच्या संशोधकांनी माणसाच्या चरबीच्या पेशी काचपात्रात वाढवल्या, त्यांवर पांढऱ्या चहाचा अर्क टाकला, आणि नव्या चरबीपेशी तयार होणं मंदावलेलं त्यांना दिसलं. प्रयोग खरा, निष्कर्षही खरा. पण काचपात्रातल्या पेशीला पोट नसतं, आतडं नसतं, यकृत नसतं. 'त्वचा तरुण होते' हाही त्याच वर्षीचा. लंडनजवळच्या किंग्स्टन विद्यापीठात २१ वनस्पतींचे अर्क तपासले, आणि त्वचेचा ताणपणा टिकवणाऱ्या प्रथिनांना तोडणारी विकरं (एन्झाइम) रोखण्यात पांढरा चहा सगळ्यांत पुढे निघाला. तेही परीक्षानळीतच. 'कॅन्सरपासून संरक्षण' या दाव्यामागे अमेरिकेतल्या ओरेगन राज्य विद्यापीठातलं काम आहे. आतड्यात गाठी होण्याची जन्मजात प्रवृत्ती असलेल्या उंदरांना चहा पाजल्यावर गाठी कमी झाल्याचं २००३ मध्ये तिथे दिसलं. तेही उंदरांत.

हे संशोधन फालतू नाही. प्रत्येक औषधाचा प्रवास असाच काचेच्या थाळीतून सुरू होतो. पण मी ज्या धंद्यात आहे तिथे हेही रोज कळतं की थाळीत काम करणाऱ्या शेकडो रसायनांपैकी एखादंच गोळी होऊन माझ्या कपाटात पोचतं. बाकीची वाटेत गळतात, कारण शरीर म्हणजे थाळी नव्हे. चहातली जी द्रव्यं चर्चेत असतात, कॅटेचिन म्हणतात त्यांना, ती आतड्यातून फार थोडी शोषली जातात. दोन-तीन कप चहा प्यायल्यावर रक्तात त्यांचं जे प्रमाण दिसतं, त्याच्या कितीतरी पट जास्त प्रमाण थाळीतल्या पेशींवर ओतलेलं असतं. उरलेलं आतड्यातले जीवाणू मोडून टाकतात. त्यातून काही चांगलं घडतही असेल, पण ते थाळीत दिसलं तेच असेल असं नाही.

अँटिऑक्सिडंट या शब्दाचंही असंच झालं. पेरू, हळद, कोको, चहा, प्रत्येक पाकिटावर तो शब्द आहे आणि पुढे एक भला मोठा आकडा. हे आकडे एका प्रयोगशाळेतल्या चाचणीतून यायचे. अमेरिकेच्या कृषी खात्यानं शेकडो पदार्थांची तशी यादीच लोकांसाठी ठेवली होती. २०१२ मध्ये त्याच खात्यानं ती काढून टाकली. कारण त्यांनी स्वतः दिलं: नळीतल्या त्या आकड्याचा माणसाच्या शरीरातल्या परिणामाशी संबंध दाखवता येत नाही, आणि कंपन्या तो माल खपवण्यासाठी वापरतात. ज्यांनी मोजपट्टी लोकांना दिली त्यांनीच ती परत घेतली, तरी आपल्याकडची पाकिटं अजून त्याच मोजपट्टीनं मोजतात.

आता माणसांकडे येऊ. पांढऱ्या चहावर माणसांत झालेलं काम अगदी तुटपुंजं आहे. म्हणून विक्रेते ग्रीन टीचं संशोधन उसनं घेतात आणि वर म्हणतात, पांढरा त्याहून कमी प्रक्रियेचा, म्हणून त्याहून गुणकारी. रसायनशास्त्र या 'म्हणून'ला साथ देत नाही. कॅटेचिनचं प्रमाण झाडाची जात, बाग, हंगाम आणि खुडणी यांवर ठरतं. कित्येक ग्रीन टीमध्ये ते पांढऱ्याहून जास्त भरतं. 'कॅफिन नाही' हीसुद्धा अशीच थाप. कोवळ्या कळीत कॅफिन भरपूर असतं, किडीपासून कोंब वाचवायची ती झाडाची सोय आहे. रात्री झोप लागत नाही म्हणून गोळी मागायला येणाऱ्या एका आजोबांना मी विचारलं, तर ते निजताना हाच 'बिनकॅफिनचा' चहा घेत होते.

उसनं संशोधन तरी काय सांगतं? २०२० मध्ये ग्रीन टी आणि रक्तातली साखर यांवरच्या २७ चाचण्यांचे निकाल एकत्र केले गेले. उपाशीपोटीच्या साखरेत सरासरी दीड अंकाची घट दिसली आणि तीन महिन्यांची सरासरी दाखवणाऱ्या एचबीएवनसीमध्ये ठोस फरक काहीच नाही. दीड अंक म्हणजे १६० ची १५८ आणि वर अर्धा. आपल्या घरच्या ग्लुकोमीटरची चूकही यापेक्षा मोठी असते. मावशी जी स्वस्तातली गोळी एकाआड एक घेत होत्या, ती एचबीएवनसी साधारण एका टक्क्यानं उतरवते. मधुमेहात हा फरक डोळ्यांचा, किडनीचा आणि पायांचा असतो. वजनाचंही तेच. कॉक्रेन या संस्थेनं २०१२ मध्ये ग्रीन टीच्या चाचण्या तपासून सांगितलं, की वजनातली घट इतकी किरकोळ आहे की आरोग्याच्या दृष्टीनं तिला महत्त्व नाही.

चहाच्या बाजूनंही भक्कम पुरावा आहे. तो लपवला तर मीही डबीसारखीच एकांगी ठरेन. जपानमधल्या ओसाकी भागात ४०,५३० माणसांवर अकरा वर्षं लक्ष ठेवलं. भरपूर ग्रीन टी पिणाऱ्यांत हृदयविकार आणि पक्षाघातानं होणारे मृत्यू कमी दिसले, कॅन्सरच्या मृत्यूंत मात्र फरक दिसला नाही. २००६ मध्ये हे छापून आलं. आणि २०२२ मध्ये ब्रिटनमधल्या जवळजवळ पाच लाख माणसांचा अभ्यास आला. दिवसाला दोन किंवा जास्त कप चहा पिणाऱ्यांत मृत्यूचं प्रमाण ९ ते १३ टक्क्यांनी कमी आढळलं. हा चहा कोणता? बहुतेकांचा साधा काळा चहा. दूध घातलं काय, न घातलं काय, निष्कर्ष तोच. दुधानं चहाचे गुण मरतात असं बर्लिनच्या एका छोट्या प्रयोगावरून २००७ पासून सांगितलं जातं. सोळा बायकांवरचा प्रयोग होता तो. हे दोन्ही मोठे अभ्यास नुसते पाहून नोंद करण्याचे आहेत. चहा पिणारी माणसं इतर बाबतींतही वेगळी असू शकतात, म्हणून चहानंच आयुष्य वाढलं असं त्यांवरून म्हणता येत नाही. पण चहात गुण असलेच, तर त्यांसाठी साडेसातशेची डबी लागत नाही, एवढं त्यांवरून नक्की म्हणता येतं.

चहावरून आपल्याकडे वाद नवा नाही. १८९० मध्ये पुण्यात पंचहौद या ख्रिस्ती मिशनमध्ये रानडे, टिळक आणि इतर मंडळींपुढे चहा-बिस्किटं आली, त्यावरून ग्रामण्य, म्हणजे बहिष्काराचा वाद, उभं राहिलं आणि प्रायश्चित्तापर्यंत गोष्ट गेली. तेव्हा चहानं धर्म बुडेल का, असा प्रश्न होता. सव्वाशे वर्षांत तो शेतावरच्या न्याहारीपासून ऑपरेशन थिएटरबाहेरच्या बाकापर्यंत पोचला. इतक्या आतपर्यंत गेलेल्या पेयाबद्दल खरं काय आणि खोटं काय, हे लोकांना साध्या मराठीत कळायला नको का?

पांढऱ्या चहाचा मला दिसलेला खरा फायदा सांगते. तो कळीत कमी आणि चमच्यात जास्त आहे. हा चहा बिनदुधाचा, बिनसाखरेचा पितात, कारण साखर घातली की त्याची नाजूक चव मरते. जी व्यक्ती दिवसातले तीन साखरेचे चहा सोडून तीन कप पांढरा चहा घेऊ लागली, तिची साखर आणि वजन थोडं उतरलं तर नवल नाही. मी एकदा घरच्या काट्यावर आमचा चहाचा चमचा तोलून पाहिला. सपाट भरला तर ४ ग्रॅम साखर, शीग लावून भरला तर ७. दोन सपाट चमच्यांचा कप धरला, दिवसाचे पाच कप धरले, तर ४० ग्रॅम साखर फक्त चहातून. जागतिक आरोग्य संघटना मोठ्या माणसाला वरून घातलेली साखर दिवसाला ५० ग्रॅमच्या आत आणि जमलं तर २५ च्या आत ठेवायला सांगते. आपल्या कितीतरी घरांत ही २५ ची मर्यादा खारी-बटर तोंडात जायच्या आधीच ओलांडली जाते. आणि २०२३ च्या राष्ट्रीय पाहणीनुसार देशात मधुमेही दहा कोटींवर आहेत, त्या उंबरठ्यावर उभे असलेले आणखी साडेतेरा कोटी. गुळाचा चहा हा यावरचा उतारा नाही, हेही इथेच सांगते. आमच्या भागात गूळ जिव्हाळ्याचा आहे, पण गूळ हीसुद्धा बहुतांशी साखरच आहे. शुगरवाल्यांना चालतो, ही समजूत जितक्या लवकर जाईल तितकं बरं.

यावर माझ्या धाकट्या जावेनं, ती शाळेत शिकवते, मला अडवलं. ती म्हणाली, "वहिनी, मग चांगलंच आहे की! या निमित्तानं साखर सुटत असेल तर सुटू द्या. दावा खोटा का असेना, परिणाम खरा आहे." मुद्दा बिनतोड वाटतो. पण मी काउंटरवरून पुढचा अंकही पाहिला आहे. खोट्या आशेवर सोडलेली साखर तीन महिन्यांत परत येते. रिपोर्ट अपेक्षेसारखा येत नाही, माणूस हिरमुसतो, डबी फडताळात जाते आणि आधण पुन्हा पहिल्यासारखं चढतं. वर त्याच्या मनात पक्कं बसतं की साखर सोडूनही काही होत नाही. त्याला पहिल्याच दिवशी सांगितलं असतं, की गुण साखर सोडण्याचा आहे, चहा साधा कोरा घेतलास तरी चालेल, तर त्याच्या हातात कायमचं काहीतरी राहिलं असतं. तेही फुकट.

दुसरं नुकसान याहून खोल आहे, आणि ते मला त्या मावशींमुळेच नीट कळलं. डबी बाजूला ठेवून मी त्यांचा जुना रिपोर्ट मागितला. हिमोग्लोबिन ८.६. सहा महिन्यांपूर्वी ८.४ होतं. सहा महिने लाल गोळी घेऊन एवढीच हालचाल.

"लाल गोळी कशाबरोबर घेता?"

"सकाळच्या च्याबरोबर. तेवढंच ध्यानात ऱ्हातं. आता ह्या चहाबरोबर घेती."

मी दोन मिनिटं गप्प राहिले. चहातली तुरट द्रव्यं आतड्यात लोहाला धरून ठेवतात आणि शरीरात जाऊ देत नाहीत, हे निदान पन्नास वर्षांपासून माहीत आहे. भाजी, डाळी, बाजरी यांतलं लोह जेवणाबरोबर चहा घेतला तर निम्म्याहूनही कमी शोषलं गेल्याचं काही प्रयोगांत दिसलं आहे. आणि ही तुरट द्रव्यं म्हणजे दुसरं काही नाही, डबीवर ज्यांचं कौतुक छापलेलं असतं तीच किंवा त्यांची सख्खी भावंडं. पांढरा चहा त्याला अपवाद नाही. जितका गुणांचा म्हणून कडक कराल, तितका तो लोह जास्त अडवेल. झाकणाच्या आतल्या कागदावर यातलं एक अक्षर नव्हतं.

हा एका मावशीचा प्रश्न असता तर मी तिथेच सांगून मोकळी झाले असते. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत महाराष्ट्रातल्या १५ ते ४९ वयाच्या बायकांपैकी ५४.२ टक्के रक्तक्षयी निघाल्या. देशात ५७ टक्के. म्हणजे माझ्या काउंटरसमोर उभ्या असलेल्या दर दोन बायकांतली एक. आणि आपल्याकडच्या बायकांचं जेवण कधी होतं ते आठवा. सगळ्यांचं झाल्यावर, उरलेलं, घाईत. त्यावर लगेच उरलेला चहा गरम करून, की तेवढाच विसावा. कामावर जाणाऱ्या कितीतरी जणींची न्याहारीच चहा-चपाती असते. चपातीतलं होतं नव्हतं ते लोह त्याच घोटाबरोबर वाया जातं. चहा त्यांच्या दिवसातली एकमेव बसायची वेळ आहे, ती मला काढून घ्यायची नाही. फक्त तासभर इकडे-तिकडे सरकवायची आहे. राष्ट्रीय पोषण संस्थेनं २०२४ च्या आहार मार्गदर्शिकेत नेमकं हेच सांगितलं: जेवणाआधी आणि जेवणानंतर किमान एक तास चहा-कॉफी नको. ब्रिटनमध्ये २०१७ मध्ये निरोगी स्त्रियांवर एक छोटा प्रयोग झाला. जेवणाबरोबरचा चहा एक तासानं पुढे ढकलल्यावर लोहावरचा त्याचा परिणाम साधारण निम्मा झाला. नुसतं घड्याळ पाहून एवढं मिळतं.

अर्काच्या गोळ्यांबद्दल मात्र मला थेट इशारा द्यायचा आहे. 'दहा कप चहाचे गुण एका कॅप्सूलमध्ये' असं म्हणून चहाचा तीव्र अर्क वजन कमी करण्यासाठी विकला जातो. युरोपच्या अन्न सुरक्षा संस्थेनं २०१८ मध्ये सांगितलं, की चहातल्या मुख्य कॅटेचिनची पूरक मात्रा दिवसाला ८०० मिलिग्रॅम किंवा जास्त झाली तर यकृताला इजा होत असल्याच्या खुणा दिसतात. पानं टाकून केलेल्या साध्या चहाबद्दल त्यांची अशी तक्रार नाही. पेय म्हणून हजारो वर्षं निभावलेली गोष्ट कॅप्सूलमध्ये कोंबली की तिचा स्वभाव बदलतो. आणि फार कढत चहा, ६५ अंशांच्या वरचा, अन्ननलिकेच्या कॅन्सरला बहुधा हातभार लावतो, असं जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संस्थेनं २०१६ मध्ये नोंदवलं. आपले आजोबा बशीत ओतून प्यायचे, ते योग्यच होतं.

मग करायचं काय? कायदा नाही असं नाही. अन्न सुरक्षा कायदा २००६ चा आहे. दिशाभूल करणाऱ्या जाहिरातीला त्याच्या ५३ व्या कलमात १० लाखांपर्यंत दंड आहे. खाद्यपदार्थांच्या दाव्यांसाठी २०१८ पासून वेगळे नियम आहेत. पदार्थ रोग बरा करतो असं म्हणायला त्यांत मुभा नाही. पण दावा आता डबीच्या बाहेर राहतो. तो व्हॉट्सॲपवर असतो, प्रदर्शनातल्या पोराच्या तोंडात असतो, डबीत घातलेल्या सुट्या कागदावर असतो. अन्न व औषध प्रशासनाचे निरीक्षक नमुने उचलतात ते भेसळीसाठी. त्या सुट्या कागदालाही लेबल मानून त्याचीही तपासणी व्हायला हवी, तक्रार मराठीत आणि फोनवरून करता यायला हवी, आणि दंड झाला की तो गाजावाजा करून छापला जायला हवा. माझी सरळ मागणी आहे: ज्याला 'साखर उतरते' म्हणायचं आहे त्यानं माणसांवर झालेली चाचणी दाखवावी, नाहीतर 'चव छान आहे' एवढं म्हणून विकावं. चव खरोखरच छान आहे.

आणि एक मागणी सरकारकडे, जिला पैसे लागत नाहीत. 'ॲनिमिया मुक्त भारत'मध्ये गरोदर बायकांना १८० दिवस लाल गोळी मिळते, शाळकरी मुलींना आठवड्याला निळी. त्या गोळ्यांच्या प्रत्येक पाकिटावर मोठ्या मराठी अक्षरांत 'चहाबरोबर घेऊ नका' असं छापा. कोट्यवधी गोळ्या आपण वाटतो, त्यातल्या किती चहाच्या कपात बुडतात याचा विचार केला तर जीव तळमळतो.

आम्ही मेडिकलवालेही यातून सुटत नाही. गल्ल्याशेजारच्या मांडणीवर 'स्लिमिंग टी'चे खोके आमच्याकडेही होते. त्यांवर नफा चांगला सुटायचा. त्या आठवड्यात मी ते परत पाठवले आणि तिथे साधे ओआरएस ठेवले.

त्या दिवशी मावशींना मी सांगितलं, डबी टाकू नका, लेकीनं मायेनं आणली आहे. दुपारी चारला, जेवणापासून लांब, चिमूटभर कळ्या घ्या, खळखळ उकळी आलेलं पाणी दोन मिनिटं निवू द्या, मग ओता, झाकून ठेवा आणि निवांत प्या. शुगरची गोळी रोज, डॉक्टर सांगतील तशी. लाल गोळी रात्री, लिंबू पिळलेल्या पाण्याबरोबर. मग लाल गोळ्यांच्या पाकिटावर मी पेनानं मोठं लिहिलं: चहा नको, एक तास मागे-पुढे.

मावशींनी पाकीट डोळ्यांजवळ धरून ते वाचलं. "पांढरा बी न्हाई?"

"पांढरासुद्धा नाही," मी म्हटलं, आणि ओळीखाली आणखी एक ओळ लिहून दिली.